चिनी वस्तीचे जाणकार

कलकत्त्याची चिनी वस्ती ज्यानं पाहिली नाही, त्यानं जग पाहिलं असं म्हणू नये. तो नुसता जन्माला आला आणि जेवला, एवढंच धरावं. वाशीमला बालाजीच्या देवळाजवळच्या चहाच्या दुकानात बसून शालिग्रामभाऊ इढोळे हे विधान इतकी वर्षं करत होते, की खालच्या बाकालाही ते पाठ झालं असावं. आता खरं सांगायचं तर त्या वस्तीत भाऊंचा मुक्काम झाला तो एक चिलीम विझायला लागतो तेवढा वेळ, आणि त्यातलाही निम्मा पळण्यात गेला. पण ही गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती, आणि तेवढी एक सोडून बाकी सगळं सांगायला ते मोकळे होते.

चिनी वस्तीतली घरं कागदाची असतात. भाडेकरू सोडून गेला की मालक घराची घडी घालून ट्रंकेत ठेवतो. तिथल्या बायांचे पाय बोटाएवढे. बाजाराला जायचं तर त्यांना टोपलीत बसवून न्यावं लागतं. वस्तीच्या मधोमध एक हौद आहे, हौदात पंखांचा अजगर आहे, आणि त्याच्या खुराकाचे बकरे म्युनिसिपालटी पुरवते. आणि ही वस्ती वसली कशी? तर एक चिनी चहाची पेटी घेऊन जहाजातून उतरला. त्यानं लाटसाहेबाला कपभर चहा करून दिला. साहेब खूश होऊन म्हणाला, माग काय मागतोस ते. चिन्यानं पेटी ठेवण्यापुरती जागा मागितली. साहेबानं दिली. मग त्यानं पेटी उघडली, तर आतून त्याचे चुलते, मावसभाऊ आणि सगळी सासुरवाडी बाहेर निघाली.

"लाटसायेब काई बोलला नाई?" कोणीतरी विचारायचंच.

"तो चहा पेत होता ना बावा!"

या गोष्टींवर भाऊंचं बरं चाललं होतं. शेतात त्यांचा जीव रमत नव्हता, आणि शेताचाही त्यांच्यात रमत नव्हता. ते धाकट्या भावानं कधीच आपल्याकडे घेतलं होतं. पण लग्नाच्या बैठकीत भाऊंना तक्क्याजवळ जागा मिळे, चहाचे पैसे दुसराच कोणी देई, आणि परगावचा पाहुणा आला की त्याला देऊळ दाखवून झाल्यावर भाऊ दाखवत. चिनी वस्ती काढून घेतली असती तर खाली एक पोट सुटलेला साधा माणूस उरला असता. वाशीममध्ये त्या मालाची कमतरता नव्हती.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि भाऊंचा भाव आणखी वाढला. तिकडचं जे काही असेल ते लोक त्यांना विचारू लागले. ते सांगतही होते. आणि अशात एका सकाळी, ते भाकरी खात असताना, कचेरीतला शिपाई जगदेव दारात येऊन उभा राहिला.

"भाऊ, चाला. नायबसायबानं बलावलं."

"काहून?"

"टेसनावर एक चिना सापडला. सायकलवर रेशमाचं गठोडं घेऊन इकून राह्यला होता. फौजदार म्हनते, चिना कायचा, जपान्याचा हेर हाये. तो म्हनते, मी कलकत्त्याच्या चिनी वस्तीतला, नाव वांग. कागद दाखव म्हटलं तं म्हनते कोट चोरीले गेला गाडीत, कागद कोटात होता. कलकत्त्याले तार केली. तं तिथं बाँबच्या भेवानं सारे पयून राह्यले, जवाब कोन देते? मंग नायबसायेब म्हनले, त्या वस्तीतलं जाननारा कोनी हाये का गावात?" जगदेवची छाती फुगली. "साऱ्या कचेरीनं एका दमात तुमचं नाव घेतलं भाऊ!"

भाऊंनी उचललेला घास परत ताटात ठेवला. "मंग... मी काय करा लागते?"

"काई नाई. तो तिथला हाये का नाई, इतकं सांगा. हाये म्हनसान तं सोडतीन. नाई म्हनसान तं दुपारच्या गाडीनं अकोल्याले, आन् तिथून जपान्यायच्या संगं तुरुंगात. लढाई सरेलोक."

"माह्यं पोट दुखून राह्यलं."

"दुखन नाई तं काय!" चुलीपासून तुळसाबाई म्हणाली. "भाकरीवर भाकरी चालू हाये सकाऊनपासून. जा ना, बसले काहून? इतके वरीस आमाले आयकवलं, आज कोनाच्या कामी तं पडन."

भाऊंनी पागोटं बांधलं. ते सुटलं. पुन्हा बांधलं. जगदेव पुढे आणि ते मागे, असे ते निघाले. आणि वाटेत इंद्रभान भेटला. हा इंद्रभान भाऊंचा लहानपणचा सोबती, विड्यांचं दुकान चालवणारा, आणि भाऊंच्या गोष्टी मान न डोलावता ऐकणारा गावातला एकमेव माणूस. दुकानाला फळी लावून तो निघालाच होता.

"शाल्या, आज मजा हाये बावा तुही. तुहा गाववालाच आला."

"गाववाला कायचा..."

"त्याले अजगराचं विचारजो. मले लय दिवसाचं आयकाचं हाये, चिन्याच्या तोंडून."

भाऊंना घाम फुटला. ऊन होतंच, त्यामुळे तो कोणाला वेगळा दिसला नाही. पावलागणिक त्यांना ती गल्ली आठवत होती, जी त्यांनी इतकी वर्षं अजगराखाली दाबून ठेवली होती.

पहिली लढाई संपून थोडे दिवस झाले होते. वाशीमची मंडळी गयेला पिंड द्यायला गेली, तिथून गंगासागर करावं असं ठरलं, आणि वाटेत कलकत्त्याला धर्मशाळेत उतरली. तो शनिवार होता. आणि शनिवारी मारुतीच्या डोक्यावर तेल ओतल्याशिवाय भाऊ अन्न घेत नसत. घरून निघताना त्यांनी तेलाची बाटली त्यासाठीच बरोबर बांधली होती. मंडळी जेवायला बसली आणि भाऊ बाटली घेऊन मारुती शोधायला निघाले. कलकत्त्यात देव पुष्कळ, पण भाऊंना पाहिजे तो सापडेना. पोटात भूक, डोक्यावर ऊन. फिरत फिरत एका गल्लीत उदबत्तीचा धूर दिसला, लाल दरवाजा दिसला, आणि आत, भला मोठा, शेंदरासारख्या लाल तोंडाचा देव बसलेला दिसला. भाऊंचे डोळे भरून आले. देवाला छातीपर्यंत काळी दाढी होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. परमुलखात ठेवत असतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले, जय बजरंगबली म्हटलं, आणि सगळी बाटली देवाच्या डोक्यावर उपडी केली.

पुढचं त्यांना तुटक तुटक आठवत होतं. आरडाओरडा. केरसुणी. एक लाकडी खडाव कानाजवळून गेली. बाटली तिथेच राहिली. धर्मशाळेत धापा टाकत पोचल्यावर मंडळींनी विचारलं, कुठं होता? भाऊ म्हणाले, चिनी वस्तीत. काय पाहिलं? आता तेल ओतलं आणि मार खाता खाता वाचलो, हे चारचौघांत कसं सांगणार? त्यांना कागदाची घरं सुचली. पुढचं सगळं त्यातून आपोआप बांधलं गेलं. एकच गोष्ट त्यांना रात्रंदिवस टोचत राहिली, आणि ती विचारायला कोणी भटजी नव्हता: तो शनिवार मारुतीच्या खाती जमा झाला, की नाही?

कचेरीच्या आवारात जत्रा लोटली होती. नायब तहसीलदार बबनराव हे अमरावतीकडचे तरणे गृहस्थ. खुर्ची बाहेर ओट्यावर टाकून बसले होते. हेर पकडण्याची संधी माणसाला रोज येत नाही, आणि बबनरावांना ती नोकरीच्या सुरुवातीलाच आली होती. त्यांच्यासमोर एक चाळिशीचा सडपातळ चिनी उभा होता. पांढरा सदरा, सायकलच्या साखळीत अडकून फाटलेली विजार, आणि डोळे अशा माणसाचे, ज्याचा रात्रभर डोळा लागलेला नाही. त्याचं जप्त केलेलं गाठोडं तिथंच जमिनीवर पडलं होतं. आजूबाजूला लोक त्याच्याकडे बघत होते, आणि तो मात्र आळीपाळीनं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता, कोण आपल्या बाजूचं आहे ते शोधत.

"या इढोळे," बबनराव म्हणाले. "मी याला विचारतो, तुम्ही ऐका. जुळतं की नाही तेवढं सांगा. काय रे, तुमची वस्ती कलकत्त्यात वसली कशी?"

वांग घाईघाईनं बाजारच्या हिंदीत बोलू लागला. "बहुत साल पहले एक चीना आया बाबू. नदी के किनारे जमीन मिला, गन्ना लगाया, चीनी का कारखाना किया. आदमी लाया. वो मर गया, कारखाना भी खतम. आदमी सब कलकत्ता आ गया. नदी पर उसका लाल कबर है, नए साल में हम सब नाव से जाता है, उदबत्ती लगाता है."

भाऊ ऐकत होते. हे खरं आहे, हे त्यांनी लगेच ओळखलं. खरी गोष्ट असते तशीच ती होती: जराशी रटाळ, आणि कुठेही लाटसाहेब नसलेली.

"साखरेचा कारखाना?" बबनरावांनी भुवई चढवली.

"खोटं हाये सायेब!" गर्दीतून आवाज आला. "चहाची पेटी!"

"पेटीच!" दुसरा ओरडला. "पेटीतून सासुरवाडी निंघाली! आमच्या पोट्ट्यायले बी मालूम हाये!"

इतकी वर्षं भाऊंनी जे पेरलं होतं ते सगळं आवारात डोलत उभं होतं, आणि त्या माणसाच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

"काय इढोळे?"

"दोनी असन सायेब," भाऊ कसेबसे म्हणाले. "चहा आला तं... साखर लागतेच."

लोक हसले. बबनरावांना हे पटल्यासारखं झालं. भाऊंना वाटलं, असंच निभावून नेऊ. याचंही खरं, आपलंही खरं, आणि संध्याकाळी बाकावर चहा.

"वस्ती कशी आहे? घरं?"

"ईंट का बाबू, दो मंजिल. नीचे दुकान, ऊपर घर. हर मुलुक का आदमी का अलग धंधा. जूतेवाला अलग, बढ़ई अलग. चमड़ेवाला दूर रहता, नाला के पार, बास आता है. दाँतवाला काँच के डिब्बे में दाँत रखता. हम शानतुंग का आदमी, रेशम बेचता, घूमता. नए साल में सब घर आता, पटाखा बजाता, बूढ़ा लोग जुआ खेलता, झगड़ा करता."

"कागदाचे!" गर्दीनं एका सुरात सांगितलं. "घरं कागदाचे!"

"आग लागली असन," भाऊ म्हणाले. "मंग इटाचे बांधले असतीन."

इंद्रभान त्यांच्या मागेच उभा होता. तो हळूच म्हणाला, "आन् घडी कशी घालत असतीन आता?"

"हौदातला अजगर," बबनराव पुढे झुकले. "पंखांचा. त्याचं काय?"

वांगला समजेना. जगदेवनं हातांनी पंख करून दाखवले, मग वळवळून दाखवलं. वांग एक पाऊल मागे सरला. आपण कसल्या माणसांच्या हातात सापडलो आहोत, ते त्याला तेव्हा कळलं असावं.

"नहीं बाबू. अजगर नहीं है."

"म्युनिसिपालटी त्याला बकरे देते म्हणतात."

"बाबू, म्युनिसिपालटी पानी भी नहीं देती!"

बबनराव मागे टेकले. आता भाऊंनी काहीतरी म्हणायला हवं होतं. मेला असेल, म्हणता आलं असतं. उडून गेला असेल, तेही. पण त्याआधीच आवाज आला तो गर्दीचा: "लबाड हाये! हेर हाये!" आणि पाठोपाठ, भाऊंच्या कानात शिसं ओतावं तसं, "भाऊ कायले खोटं बोलतीन?"

"सरळ आहे," बबनराव म्हणाले. "दोघांतला एक खोटा आहे, आणि इढोळ्यांना तर आपण ओळखतो. जगदेव, दोर आण. गाडीची वेळ होत आली."

वांगनं हात जोडले. "बाबू, जापानी ने मेरा गाँव जलाया. मेरी माँ उसमें थी. मुझे जापानी के साथ बंद मत करो. और कुछ भी करो."

बबनराव चुळबुळले, माणूस म्हणून ते तसे वाईट नव्हते. "मग अशी काही खूण सांग," ते म्हणाले, "जी तिथं राहिलेल्याशिवाय कोणाला ठाऊक नसेल."

वांगनं डोळे मिटले. काय सांगावं? त्याच्या वस्तीतली कोणती गोष्ट या लोकांना कळेल? मग त्यानं डोळे उघडले आणि बोलू लागला, आणि दुसऱ्याच वाक्याला शालिग्रामभाऊ फाटकाकडे बघू लागले.

"हमारा मंदिर में लाल मुँह का देवता है. बड़ा दाढ़ीवाला. वचन का देवता, उसके सामने झूठ नहीं चलता. बहुत साल हुआ, हम तब नया आया था, मंदिर में झाड़ू लगाता था. एक दिन एक पागल आया. धोती, पगड़ी, मोटा. हाथ जोड़ा, रोया, और बोतल निकालके पूरा तेल देवता के सिर पर डाल दिया. हम झाड़ू लेके दौड़ा. वो बहुत तेज भागा, मोटा था फिर भी. दाढ़ी हमने धोया, कपड़ा हमने धोया. सरसों का तेल, निकलता ही नहीं था. हमारी गली में आज भी सब ये बात बोलता है."

सगळं आवार खदखदून हसलं. दोर आणणारा जगदेवसुद्धा हसला. भाऊ हसले नाहीत. ते त्या हातांकडे बघत होते, ज्यांत तेव्हा केरसुणी होती.

"चिनी देवाच्या डोक्यावर तेल!" बबनराव डोळे पुसत म्हणाले. "असला मूर्ख जगात कुठे असतो का? बनाव आहे. बरं, विचारायचं म्हणून विचारतो. इढोळे, तुम्ही तिथं होतात. ऐकलीत कधी ही गोष्ट? हो की नाही, एवढं सांगा."

"नाही" हा शब्द लहान आहे. भाऊंनी आयुष्यात याहून कितीतरी लांब खोटं न अडखळता सांगितलं होतं. नाही म्हटलं की गाडी सुटेल, माणूस जाईल, आणि तक्क्याजवळची जागा तशीच राहील. "हो" म्हणावं आणि कुणीतरी सांगितलं होतं म्हणावं, असाही एक मार्ग त्यांना दिसला. पण मग हे इतकी वर्षं सांगितलं कसं नाही, असं इंद्रभान विचारेल. तो विचारणारच. तो आत्ताच श्वास घेऊन तयार होता. जगदेवनं वांगचं मनगट धरलं.

"मव्हरीचं नोहे," भाऊ म्हणाले.

"काय?"

"तेल. मव्हरीचं नोहे सायेब. जवसाचं." आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "वाशीमच्या घान्यावरचं. मव्हरीचं तेल आपल्याकडे कोन आनते? जवसाचं वायलं का चिकट होते, म्हून निंघालं नसन."

हसणं एकेक करून थांबत गेलं.

"तुले काय मालूम?" इंद्रभाननं विचारलं, पण नेहमीच्या आवाजात नाही.

"बाटली माही होती." भाऊ जमिनीकडे बघत होते. "शनवार होता. मले तो मारोती वाटला."

"दाढीवाला?"

"परमुलुखात ठेवत असतीन, असं वाटलं."

मग मागून कोणीतरी, जवळजवळ विनवणी करावी तसं, विचारलं, "भाऊ... आन् अजगर?"

"अजगर नाई."

"घरं?"

"इटाचे. पयता पयता पाह्यले."

घरातलं कर्तं माणूस गेल्यासारखी सगळ्यांची तोंडं झाली. तो अजगर कित्येकांनी लहानपणापासून सांभाळला होता. एक म्हातारा पागोटं सावरत, कोणाकडे न बघता, फाटकातून निघून गेला. बबनरावांनी भाऊंकडे पाहिलं, वांगकडे पाहिलं, आणि हेराची, बढतीची आणि साहेबाच्या शाबासकीची सगळी वाफ तोंडातून एकदम बाहेर सोडली.

"सोडा त्याला," ते म्हणाले.

मागे जे काही होतं त्यावर भाऊ मटकन बसले. आता कोणी चहा पाजणार नव्हतं, कोणी तक्क्याजवळ बोलावणार नव्हतं, आणि घरी तुळसाबाईला सांगायचं अजून बाकी होतं. त्यांनी वर पाहिलं तर वांग त्यांच्यासमोर येऊन उभा होता.

लोक गोळा झाले. ज्याच्या देवाचं यानं वाटोळं केलं, आणि ज्याला यानंच तुरुंगातून ओढून काढलं, तो आता काय करतो? पायावर डोकं ठेवतो, की थोबाडीत देतो? इंद्रभान, वेळ आलीच तर मधे पडता यावं म्हणून, अर्धं पाऊल पुढे सरकला. वांगनं भाऊंच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग तो कमरेत वाकला आणि अगदी हळू, आर्जवानं म्हणाला,

"बाबूजी, जरा उठिए. आप मेरे रेशम पर बैठे हैं."